दोघांनी मिळून

आई दादांशी बोलत नव्हती, पण सोमवारी पहाटे उठून धपाटे मात्र त्यांच्यासाठीच थापायची. ज्वारीचं पीठ, मूठभर बेसन, लसूण, तिखट आणि चवीपुरता येसर मसाला. कोथिंबीर त्या साली बाजारात दिसलीच नाही. ओल्या फडक्यावर धपाटा थापताना तिच्या बांगड्या वाजायच्या आणि त्या आवाजानं बाहेरच्या खोलीत दादांना जाग यायची. वडिलांना मी दादा म्हणायची. बारा धपाटे फडक्यात बांधून, वर शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी ठेवून, आई ते गाठोडं दोन खोल्यांमधल्या उंबऱ्यावर ठेवायची आणि म्हणायची, "सुजे, दे त्यांना." दादा तिथून तीन पावलांवर चपलेचा पट्टा लावत असायचे. त्यांना सगळं ऐकू आलेलं असायचं. तरी मी उठून गाठोडं त्यांच्या हातात देईपर्यंत ते मान वर करायचे नाहीत. मग म्हणायचे, "सांग तिला, मागच्या खेपंला मीठ कमी होतं." मी वळून आईला सांगायची, आई मला सांगायची, "सांग त्यांना, पुढच्या खेपंला बघते." दोघांनाही एकमेकांचं पहिल्या वेळीच ऐकू आलेलं असायचं, पण माझ्या तोंडून दुसऱ्यांदा आल्याशिवाय ते ऐकलं असं धरायचं नाही, हा आमच्या घरचा नियम झाला होता. तो कुणी केला हे मला आजही सांगता येणार नाही. मला भावंड नव्हतं, त्यामुळे हे काम वाटून घ्यायलाही कुणी नव्हतं.

अबोल्याची सुरुवात पेढ्यांनी झाली. दादा अहमदपूरच्या तहसिलीत कारकून होते, आवक-जावक बघायचे. आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर, गेलेल्या प्रत्येक कागदाला नंबर, यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा ते एखाद्या लग्नघरातल्यासारखे हरखून गेले होते. आता उस्मानाबादला चकरा मारायला नकोत, उस्मानाबादहून ट्रकनं दप्तरं यायली, नव्या कचेरीच्या भिंतींचा रंग अजून हाताला लागतो, असं रोज काहीतरी ऐकायला मिळायचं. नव्या कचेरीत जायला कोण तयार आहे, असं विचारलं गेलं आणि दादांनी त्याच दिवशी लिहून दिलं. संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. "चला, लातूरला बिऱ्हाड हलवायचं," म्हणाले. आई भाकरी थापत होती. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि विचारलं, "मला विचारलं का?" दादा म्हणाले, "त्यात काय विचारायचं?" बस्, एवढंच. भांडण नाही, आदळआपट नाही. पेढ्याचा पुडा तसाच देवळीत राहिला आणि दोन दिवसांनी त्याला मुंग्या लागल्या.

आईचं म्हणणं काय होतं ते दादांना माहीत नव्हतं असं नाही. ती सातवीवर लग्न होऊन आली होती. मला कडेवर घेऊन तिनं बाहेरून दहावी दिली, गणितात एकदा गेली, पुन्हा बसली. आमच्या वस्तीत बालवाडी सुरू होणार होती आणि त्याच वस्तीतली शिकलेली बाई हवी होती, म्हणून यादीत तिचं नाव होतं. ऑर्डर निघायची राहिली होती. लातूरला गेलं की ते नाव गेलं. दादांना वाटायचं, बालवाडी म्हणजे काय, चार पोरांची नाकं पुसायची. त्यात दुष्काळ. आमचा आड तळ दाखवून मोकळा झाला होता आणि टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही सांगता यायचं नाही. लातूरला नळ आहे, हे दादांचं हुकमी पान होतं. नळाला पाणी कुठं आहे, हे आईचं. ही दोन्ही पानं माझ्याच हातून टाकली जायची.

मी लातूरच्या एका कुटुंब सल्ला केंद्रात आयुष्यभर नोकरी केली. माझ्या खोलीत मागं एक लोखंडी कपाट होतं, त्यात नवरा-बायकोनं कसं बोलावं, मुलांशी कसं वागावं, सासू-सुनांनी एका घरात कसं राहावं, यावर पुस्तिका, पत्रकं, कुठल्या कुठल्या पाहण्यांचे अहवाल खच्चून भरलेले असायचे. मी सगळं वाचलं आहे. चांगलं असतं ते, मी नावं ठेवत नाही. पण आई-बापानं एकमेकांचे निरोप मुलाकरवी धाडू नयेत, हे वाक्य पहिल्यांदा छापलेलं पाहिलं तेव्हा मला हसू आलं आणि मग बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. माझ्या समोर जोडपं लेकरू घेऊन आलं, की मी आधी लेकराला बाहेर बिस्किटं खायला धाडायची. सोबतच्या बाया मला चिडवायच्या, "मॅडमना लेकरांचं वावडं आहे." असू दे.

तर निरोप दोन जातीचे होते. मिठाचे, चहाचे, खुंटीवरच्या सदऱ्याचे निरोप घरात. ते मी जसेच्या तसे द्यायची, कारण ते दोघांनीही ऐकलेले असायचे. खरे निरोप घराबाहेर मिळायचे. दादा लातूरला एकटेच रुजू झाले होते, शनिवारी संध्याकाळी यष्टीनं यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. त्यांची पिशवी धरून मी स्टँडपर्यंत जायची आणि शनिवारी आणायलाही जायची. दादांचे निरोप स्टँडवरचे. आईचे निरोप टँकरच्या लाइनीतले, कारण तिथं आम्ही दोघीच तासतास उभ्या असायचो, हंडे, घागरी, तेलाचे डबे रांगेत लावून.

पहिला खरा निरोप मला अजून जागेसकट आठवतो. लातूरची गाडी लागली होती, कंडक्टर खाली उभा राहून चहा पीत होता आणि पेरूवाली बाई टोपली मांडत होती. दादांनी पिशवी घेतली, गाडीत चढायला पाय उचलला आणि खाली घेतला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "सुजे, सांग तिला. हट्ट सोडून यायचं असंल तर या म्हणावं. न्हाईतर मला अहमदपूरला घर न्हाई असं समजंन मी." मग गाडीत चढले आणि खिडकीतून मला रोजच्यासारखा हात केला. मला तो हात केलेला फार लागला. मी स्टँडपासून घरापर्यंत ते वाक्य घोकत आले. विसरू नये म्हणून नाही, ते कसं बोलायचं हे कळेना म्हणून. आईच्या समोर उभी राहिले, तर ती राखेनं भांडी घासत होती, कारण पाणी पिण्यापुरतंच होतं. तिनं विचारलं, "काय म्हणले?" आणि माझ्या तोंडून निघालं, "म्हणले, तुझं काय म्हणणं हाय ते विचार."

आईचा हात थांबला. "असं म्हणले?"

"हाव."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला खोटं बोलल्याची लाज वाटली नाही, उलट बरं वाटलं. तेच चुकलं. त्याच संध्याकाळी टँकरच्या लाइनीत तिनं मला उत्तर दिलं. तिला वाटलं, विचारलंय तर सांगावं. "सांग त्यांना, बालवाडीचं काम मी धरणार. मी एकटी पोरगी वाढवीन, पण आता कुणाच्या मागं गाठोडं उचलून जायची न्हाई. त्यांना पटत नसंल तर शनिवारी नका येऊ म्हणावं. माझं काही अडत न्हाई." आमचा तिसरा हंडा तेव्हा नळीखाली होता. आई बोलता बोलता रडत नव्हती, हंडा सरळ करत होती. मी पाच दिवस ते पोटात घेऊन शाळेत बसले. शनिवारी दादा गाडीतून उतरले तेव्हा मी म्हणाले, "आई म्हणली, विचार करते."

दादा एवढे खूश झाले की त्यांनी तिथंच माझ्यासाठी खारे शेंगदाणे घेतले. घरी येईपर्यंत नव्या कचेरीतल्या दप्तरं ठेवायच्या लाकडी घोड्यांचं, साहेबांच्या टेबलाचं, उस्मानाबादहून आलेल्या एका गठ्ठ्यात निघालेल्या पालीचं असं सगळं सांगत होते. मी शेंगदाणे खाल्ले, पण चव लागली नाही.

पुढं मग सोपं झालं आणि अवघडही. दर सोमवारी एक, दर शनिवारी एक. दादा म्हणाले, "मग खोली बघू का म्हणावं?" मी आईला सांगितलं, "दादा म्हणले, तुझ्या कामाचं कुठवर आलं?" आई म्हणाली, "सांग, ऑर्डर निघाली. सही करायला बोलावलंय." मी दादांना सांगितलं, "आई म्हणली, खोली उजेडाची बघा." हे उजेडाचं माझ्या मनात कुठून आलं कुणास ठाऊक. पण खोटं बोलायला लागलं की बारीकसारीक तपशील आपोआप सुचतात, हे मी पुढं कितीतरी नवऱ्यांच्या आणि बायकांच्या तोंडून ऐकलं आणि दर वेळी ओळखलं. दादांनी उजेडाची खोली धरली, मुलींच्या शाळेजवळ, पूर्वेला खिडकी असलेली. आईनं ऑर्डरवर सही केली. माझी परीक्षा संपली की दादा टेम्पो घेऊन येणार होते. परीक्षा संपली की आईची बालवाडी उघडणार होती. दोघंही घरात खुशीत होते, दोघंही आपापल्या खोलीत गुणगुणायचे आणि दोघंही एकमेकांशी बोलत नव्हते. आता बोलायची गरजही उरली नव्हती, एवढं मी सगळं नीट लावून दिलं होतं. मी मात्र नखं खायला लागले. परीक्षेला किती दिवस राहिले ते मी बाकावर पेन्सिलीनं रेघा ओढून मोजायची, बाकीच्या मुली मोजायच्या तसंच, पण त्या सुट्टीसाठी मोजायच्या.

एक वेळ अशी होती की दोघांचा आवाज एकत्र यायचा. रविवारी सकाळी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढं चादर अंथरून, मेणबत्ती लावून आम्ही तिघं वंदना म्हणायचो. अबोला असो नसो, ती चुकली नाही. दादा डावीकडं, आई उजवीकडं आणि मधी मी. त्रिसरण झालं की पंचशील. दोघांचा आवाज चांगला होता, एकमेकांत मिसळून जायचा आणि तेवढी दोन-चार मिनिटं मला वाटायचं की काहीच झालेलं नाही. मग चौथं शील यायचं, खोटं न बोलण्याचं. तिथं मी नुसते ओठ हलवायची. आईच्या लक्षात आलं होतं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. एकदा तिनं वंदना संपल्यावर माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला होता, एवढं आठवतं.

परीक्षेला दोन आठवडे राहिले होते, तेव्हाच्या रविवारी दोन अनोळखी माणसं आली. वंदना नुकतीच झाली होती, मेणबत्तीचा वास घरात होता. मी दारात ज्वारी निवडत बसले होते. एक तरुण बाई आणि एक तरुण सर, दोघांच्या खांद्याला पिशव्या, उन्हानं तोंडं लाल झालेली. नांदेडहून आले होते, कुठल्याशा कॉलेजातून. बाई म्हणाल्या, "आम्ही कुटुंबांची पाहणी करतोय. घरात कोण काय ठरवतं, मुलांना कसं वाढवतात, असं विचारायचं असतं. भिंतीवरचे घरनंबर बघून दर पाचवं घर घेतो. तुमचं पाचवं आहे. आई-बाबा आहेत का?"

मी म्हणाले, "न्हाईत."

त्याच क्षणी आत दादा शिंकले. सर हसले. मी शेजारच्या खातूनचाचीच्या घराकडं बोट दाखवून म्हणाले, "त्यांचं घर घ्या, त्यांच्यात लई माणसं हायत." चाची ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या, त्यांनी ते ऐकलं आणि ओरडल्या, "अगं सुजी, मेहमानांना पाणी तरी विचार! कायकू दारातून पळवायलीस?" तोवर दादा बाहेर आलेच होते. सरकारी माणसाला कागद घेऊन आलेली माणसं दिसली की आनंद होतो. त्यांनी सरांना निंबाखाली बाजेवर बसवलं आणि बाईंना आत आईकडं धाडलं. पुरुषानं पुरुषाला विचारायचं, बाईनं बाईला, दोघांच्या कागदावर तेच प्रश्न, अशी त्यांची पद्धत होती. सरांनी ती दादांना समजावून सांगितली. दादा म्हणाले, "हे बरं हाय. म्हणजे ताळा लागतो."

ताळा. तो शब्द ऐकला आणि माझ्या हातातलं सूप कलंडलं.

मी धावत राहिले. आईनं सांगितलं म्हणून चहा टाकला, साखर शोधली, चाचींकडून तांब्याभर पाणी आणलं. बाहेर गेले की दादांचं उत्तर कानावर यायचं, आत आले की आईचं. मुलांना मारता का, नाही. मुलीला किती शिकवायचं, तिला पाहिजे तेवढं. घरात भांडण झालं तर काय करता? यावर दादा म्हणाले, "भांडण न्हाईच आमच्यात." आणि आत आई म्हणाली, "बोलून मिटवतो." मला दोघांचीही दया आली आणि रागही आला. मग तो प्रश्न आला. गेल्या वर्षात घरानं घेतलेला सगळ्यात मोठा निर्णय कोणता, तो कोणी घेतला? दादांनी झटकन उत्तर दिलं. मी आत पळाले, तर आईनंही दिलेलं होतं.

सर आणि बाई तसेच उठून गेले असते तर काही झालं नसतं. कागद नांदेडला गेले असते, कुठल्या तरी कपाटात पडले असते आणि आमचं कुटुंब त्यात एकदम गुणी म्हणून नोंदलं गेलं असतं. पण दोघंही नवशिकी होती, पुन्हा एवढ्या लांब यायला लागू नये म्हणून ओट्यावर बसून कागद ताडून बघायला लागली. बाई म्हणाल्या, "हा एक जुळत नाही." आणि मग त्यांनी, आमच्या कामात जे कधीही करायचं नसतं ते केलं. एकाचं उत्तर दुसऱ्यासमोर वाचलं. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता, त्यांना कुणी शिकवलं नसावं. "साहेब, एक मिनिट. ताई, तुम्हीपण जरा बाहेर या."

आई उंबऱ्यात आली. दादा बाजेवरून उठले. मी कपबशा घेऊन मधी उभी होते, मला तीच जागा माहीत होती.

सरांनी वाचलं, "साहेबांचं उत्तर. लातूरला बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. कोणी ठरवलं, दोघांनी मिळून."

बाईंनी वाचलं, "ताईंचं उत्तर. अहमदपूरलाच राहून बालवाडीचं काम धरायचं ठरवलं. कोणी ठरवलं, दोघांनी मिळून." त्यांनी वर बघितलं. "यातलं कुठलं लिहू?"

चाचींचं सूप थांबलं. आई दादांकडं बघत होती. तीन महिन्यांत ती पहिल्यांदा त्यांच्याकडं सरळ बघत होती. ती म्हणाली, "मी कवा म्हणले लातूरला येते म्हणून?"

"आन् मी कवा म्हणालो बालवाडी धर म्हणून?"

"सुजी म्हणली."

"मलाबी सुजीच म्हणली."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मार बसेल याची मला भीती नव्हती. माझ्या घरात मला कुणी कधी मारलं नव्हतं, ते कागदावरचं उत्तर खरं होतं. मला एवढीच भीती होती की आता हे दोघं एकमेकांना सोडतील आणि ते माझ्यामुळं होईल. तोंडातून काहीतरी बाहेर पडणार हे मला कळत होतं, पण मी रडणार असं मला वाटलं होतं. त्याऐवजी मी निरोप द्यायला लागले. खरे. पहिल्यापासून, एकेक करून, जागेसकट.

"दादा, पहिल्या सोमवारी तुम्ही पेरूवालीपाशी म्हणले होते, हट्ट सोडून यायचं असंल तर या म्हणावं, न्हाईतर मला अहमदपूरला घर न्हाई असं समजंन मी." मग आईकडं वळले. "आणि तू तिसरा हंडा भरताना म्हणलीस, मी एकटी पोरगी वाढवीन, शनिवारी नका येऊ म्हणावं, माझं काही अडत न्हाई." मग पुन्हा दादांकडं. मग पुन्हा आईकडं. प्रत्येक निरोप मला शब्दानं शब्द पाठ होता. तीन महिने मी ते विसरायचा प्रयत्न करत होते आणि एकही विसरले नव्हते. सरांनी पेनाला टोपण लावलं. बाईंनी हात पुढं करून माझ्या हातातल्या कपबशा काढून घेतल्या. शेवटी मी म्हणाले, "तुम्ही म्हणले तसंच सांगितलं असतं तर घरच राहिलं नसतं." आणि मग मात्र मला रडू आलं.

दादा बाजेवर बसले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. "रागात म्हणालो असंल," ते हळू म्हणाले.

"मीबी रागातच," आई म्हणाली. मग माझ्याकडं बघत, "आन् हे एवढं सगळं पोटात घेऊन ही पोरगी तीन महिने फिरत राहिली. आपण तिला मधी घातली."

दादांनी मान हलवली. तो होकार थेट आईला होता, माझ्यामार्फत जाणार नव्हता.

बाई खाली बघत होत्या. त्यांचं तोंड उतरलं होतं. त्यांनी हळूच विचारलं, "मग काय लिहू?"

"लिहा, अजून ठरलं न्हाई," आई म्हणाली.

सर म्हणाले, "त्याला रकाना नाहीये, ताई. नवऱ्यानं, बायकोनं, दोघांनी मिळून, असे तीनच आहेत."

"मग कडंला लिहा," दादा म्हणाले. आयुष्यभर रकान्यात लिहिणारा माणूस तो. "लिहा, ठरायचं हाय. दोघांनी मिळून."

बाईंनी तसं समासात लिहिलं. पुढं कितीतरी वर्षांनी मी स्वतः असे कागद भरायला लागले, तेव्हा समास रुंद ठेवायचा आग्रह धरला. वरच्यांना त्याचं कारण कधी सांगितलं नाही.

ती दोघं गेल्यावर आई म्हणाली, "चला आत." ती दादांना म्हणाली. मीही उठले, सवयीनं. तर तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू न्हाई." दार आतून लागलं. आमच्या घराचं दार दिवसा कधी लागलेलं मी पाहिलं नव्हतं. चाचींनी मला ओट्यावर बोलावून गूळ-शेंगदाणे दिले. आतून आधी काहीच येत नव्हतं, मग आवाज यायला लागले. आईचा चढा, दादांचा त्याहून चढा. बुडाला टोचल्यासारखी मी दर वेळी उठायची आणि चाची मला पुन्हा बसवायच्या. "लढू दे, बेटी. लढतेत म्हणजे बोलतेत." मला ते तेव्हा पटलं नाही. अजूनही कुणाच्या घरात बंद दारामागं आवाज चढला की मी तशीच उठून उभी राहते, चाळीस वर्षं तेच ऐकायचं काम करूनही.

ठरलं ते कुणाच्याच मनासारखं नव्हतं. टेम्पो आला नाही. लातूरची खोली दादांनी एकट्यासाठी ठेवली आणि पुढची काही वर्षं यष्टीनं ये-जा केली. आईनं बालवाडी धरली आणि ती नाकं पुसण्यापुरती नव्हती हे दादांनी पुढं स्वतःहून कबूल केलं. दादांचं पोट तिकडं खाणावळीच्या जेवणानं बिघडलं ते कायमचं आणि आई दर पावसाळ्यात एकटीनं गळकं छप्पर शाकारत राहिली. दोघं भांडत राहिले, पण थेट. किंमत दोघांनी मोजली, असं मी म्हणेन. पण ते सगळं मागाहून. त्या दुपारी मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

ऊन निंबाच्या पलीकडं गेलं तेव्हा आवाज खाली आले. मग कडी वाजली. दार उघडलं आणि दादा उंबऱ्यात उभे राहिले. डोळे लाल होते. मागं आई चूल पेटवत होती, काड्या मोडल्याचा आवाज आला.

"सुजे."

मी ओट्यावरून उडी मारून त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "काय सांगू?"

दादांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "कुणाला काही सांगायचं न्हाई, बाई. जा, खेळ."

मी अंगणात उतरले. गल्लीत मुली जमल्या होत्या, त्यांनी मला हाकही मारली. पण मी निंबाखाली तशीच उभी राहिले, कारण काय खेळतात ते मला आठवेना.